पेटीतले हवामान : चिरुटाची पारख आणि साठवण

'चिरूट' हा शब्द आपल्याकडे साहेबाबरोबर आला, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो दक्षिणेतून निघाला. तमिळमध्ये 'सुरुट्टु' म्हणजे गुंडाळलेली वस्तू. तिरुचिरापल्ली आणि दिंडिगल भागात तंबाखूच्या पानांच्या ज्या जाड सुरळ्या वळत, त्यांना हे नाव होते. ते युरोपीय व्यापाऱ्यांच्या तोंडी बसले, इंग्रजीत 'शेरूट' झाले आणि मराठीत चिरूट. जाणकार शेरूट आणि सिगार यांत फरक करतात. शेरूट दोन्ही टोकांना सपाट कापलेला असतो, तर सिगारचे एक टोक पानाच्या टोपीने बंद केलेले असते आणि ओढण्यापूर्वी ते कापावे लागते. मराठीने हा भेद मानला नाही, दोघांनाही एकाच शब्दात बसवले. या लेखात मीही तसेच करणार आहे. मात्र ज्या चिरुटाविषयी मुख्यतः लिहायचे आहे, तो क्यूबाचा, हवाना नावाने ओळखला जाणारा.

आपल्या कथा-कादंबऱ्यांत आणि चित्रपटांत चिरूट ओढतो तो गिरणीमालक, निवृत्त कर्नल किंवा खलनायक. त्याचा षोक करणारा माणूस मराठी वाचकाला फारसा भेटलेला नाही, आणि हा षोक मोठा चमत्कारिक आहे. कारण त्यात ओढण्याचा वेळ सर्वांत कमी. षोकीन माणूस पंचवीस चिरुटांची पेटी आणतो, तिच्या बुडाशी उमटवलेले महिना-वर्ष वहीत टिपतो आणि पेटी बंद करून ठेवतो. कधी एक वर्ष, कधी पाच, कधी पंधरा. मधूनमधून उघडून वास घेतो. एक चिरूट संपायला तासभर लागतो, राखायला तपही पुरत नाही. मग हा माणूस इतकी वर्षे नेमके काय राखत असतो?

याचे उत्तर शेतापासून शोधावे लागते. क्यूबाच्या पश्चिम टोकाला पिनार देल रिओ प्रांतात वुएल्ता आबाहो नावाचा टापू आहे. लाल माती, कोरडा हिवाळा. जानेवारी ते मार्च या काळात इथे तंबाखूची खुडणी चालते, आणि ती रोप उपटून नव्हे, तर पान पान करून, खालून वर. खालची पाने सौम्य असतात आणि चटकन पेटतात, मधली सुवासासाठी, आणि शेंड्याकडची, ऊन खाल्लेली, जाड व जहाल. ही शेंड्याची पाने सावकाश जळतात म्हणून वळताना ती नेहमी मध्यभागी घालतात. या गाभ्याभोवती बांधणीचे एक पान आणि सर्वांत वर वेष्टनाचे पान. वेष्टनाच्या पानासाठी वेगळी शेती असते. वर पातळ कापडाचा मांडव घालून त्याच्या सावलीत वाढवलेली, शिरा न दिसणारी, रेशमासारखी पाने. पेटीतील सगळे चिरूट एकाच छटेचे दिसावेत म्हणून रंगाने निवड करणारा माणूसही कारखान्यात वेगळा असतो.

खुडलेली पाने सुमारे पन्नास दिवस लाकडी कोठारात टांगून वाळवतात. तोवर ती फक्त वाळलेली पाने असतात. खरे काम त्यानंतर. पाने किंचित ओलावून त्यांच्या मोठमोठ्या राशी रचतात. आंब्याची आढी ज्याने लावली आहे, त्याला पुढचे सांगायला नको. रस आपल्याआप तापू लागते. आत हात घातला तर उष्मा जाणवतो. फार तापली तर रास मोडून, वरची पाने आत आणि आतली वर करून पुन्हा रचतात. या काळात पानातली प्रथिने आणि शर्करा मोडतात, अमोनिया बाहेर पडतो, हिरवट तुरटपणा जातो आणि रंग गडद होतो. वेष्टनाचे पान थोडक्यात सुटते, शेंड्याच्या पानाला अनेक महिने आणि एकाहून अधिक राशी लागतात. नंतर ते गासड्यांत बांधून आणखी काही वर्षे ठेवतात. इंग्रजीतून आलेल्या मराठी पुस्तकांत याला 'किण्वन' म्हणतात. आपल्याकडे यापेक्षा चांगला शब्द आहे: मुरणे. लोणचे मुरते तसे पान मुरते. आणि चिरूट वळून झाला, पेटीत बसला, समुद्रापार गेला, तरी ते मुरणे थांबत नाही, केवळ मंदावते. षोकीन माणूस राखतो ते हे मुरणे.

त्यासाठी त्याला एक छोटेसे हवामान सांभाळावे लागते. पान हवेतला ओलावा घेते आणि सोडते, आपल्या पापडासारखे. कोरडे झाले की चिरूट भरभर आणि कडक जळतो, वेष्टन तडकते, सुवासाची तेले उडून जातात आणि गेलेली तेले पुन्हा ओलावा दिल्याने परत येत नाहीत. फार ओले झाले तर गाभा फुगतो, धूर ओढला जात नाही आणि बुरशी धरते. म्हणून पेटीत सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्के आणि तापमान १८ ते २१ अंश सेल्सियस राखावे, असा साधारण दंडक आहे. जुनी पिढी सत्तरचा आग्रह धरते, आताचे बरेच जण पासष्टकडे झुकतात. इथे 'सापेक्ष' हा शब्द महत्त्वाचा. उबदार हवेत अधिक बाष्प मावते, म्हणून तेवढेच बाष्प असलेली हवा थंड केली की तिची सापेक्ष आर्द्रता चढते. दिवसा ठीक असलेल्या पेटीत रात्री गारठ्याने दमटपणा का वाढतो, याचे कारण हे. पुस्तकांतला सगळा सल्ला थंड, कोरड्या देशांतल्या माणसाला दिलेला असतो, पेटीत ओलावा कसा भरावा याचा. मुंबईत जुलैमध्ये बाहेरची आर्द्रताच ऐंशीच्या वर असते, तिथे प्रश्न ओलावा काढण्याचा असतो. पुण्यात एप्रिलच्या दुपारी तीच वीसच्या आसपास येते. म्हणजे एकाच राज्यात दोन उलटी शास्त्रे.

पेटीचे लाकूड बहुधा 'स्पॅनिश सीडर' म्हणून विकले जाते. ते स्पॅनिशही नाही आणि सीडरही नाही. सेड्रेला ओडोराटा हा मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांतला वृक्ष, महोगनीच्या कुळातला. आपला कडुनिंब आणि तून याच कुळातले. तूनला तर वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वी सेड्रेलाच म्हणत. हे लाकूड ओलावा शोषते, दमटपणाने फारसे वाकत नाही आणि त्याचा वास किड्यांना रुचत नाही. तरीही माझे मत असे की, महागड्या पॉलिश केलेल्या पेटीत दागिन्यांच्या डब्याचा गुण अधिक आणि कोठाराचा कमी. तिची झाकणे क्वचितच घट्ट बसतात. स्वयंपाकघरातला हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात याच लाकडाची एखादी फळी आणि ओलावा देणारे-घेणारे क्षारद्रावणाचे पाकीट, एवढ्याने काम अधिक चोख होते. अनेक जुने षोकीन हेच करतात, पाहुण्यांना मात्र पॉलिशची पेटी दाखवतात.

आर्द्रता मोजणारे यंत्र खरे बोलते का, हे तपासण्याची युक्तीही स्वयंपाकघरातलीच आहे. बाटलीच्या बुचात मीठ घ्यावे, ते जेमतेम ओले होईल इतके पाणी घालावे, विरघळू देऊ नये. ते बूच आणि यंत्र एका घट्ट डब्यात आठ-दहा तास बंद ठेवावे. ओल्या मिठाच्या वरची हवा साध्या तापमानाला ७५ टक्क्यांवर स्थिर होते, हा रसायनशास्त्राचा नियम आहे. यंत्र ७१ दाखवत असेल तर ते चार अंकांनी कमी सांगते. वर ज्या पाकिटांचा उल्लेख केला, ती याच तत्त्वावर चालतात. क्षार बदलला की आकडा बदलतो.

राहिला किडा. तंबाखूचा भुंगेरा, लॅसिओडर्मा सेरिकॉर्ने, हा आपल्या घरातही ओळखीचा आहे. हळकुंडांत आणि मसाल्यांत भोके पाडणारा दोन-तीन मिलिमीटरचा तपकिरी किडा तो हाच. त्याची अंडी पानाबरोबर येतात आणि तापमान पंचविशीकडे गेले की फुटतात. मग वेष्टनावर टाचणीने टोचल्यासारखी भोके दिसतात आणि एका चिरुटातून शेजारच्यात वाट निघते. उपाय गोठवण्याचा. क्यूबातून निर्यातीपूर्वी माल गोठवला जातो, घरीही शंकास्पद पेटी घट्ट पिशवीत बांधून तीनेक दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस खालच्या कप्प्यात आणि मग बाहेर, अशी पायरीपायरीने काढतात. एकदम काढली तर पान तडकते. चिरुटावर येणाऱ्या पांढऱ्या भुकटीबद्दल मात्र एक गोड गैरसमज आहे. ती आतल्या तेलांचे स्फटिक असून उत्तम मुरल्याची खूण आहे, असे दुकानदार सांगतात. बहुतेक वेळा ती साधी बुरशी असते.

इतक्या निगुतीने जे राखले जाते, त्याची दुसरी बाजू षोकिनांच्या गप्पांत क्वचित येते. चिरुटाचा धूर छातीत घेत नाहीत, म्हणून तो सिगारेटपेक्षा निर्धोक, असे मानले जाते. पण सिगारेटचा धूर आम्लधर्मी असतो आणि चिरुटाचा अल्कधर्मी. अल्कधर्मी धुरातले निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात उतरते, छातीत घ्यावेच लागत नाही. सिगारेटीत ग्रॅमभरही तंबाखू नसते, मोठ्या चिरुटात पाच ते सतरा ग्रॅम असू शकते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ मध्ये केवळ चिरुटावर एक ग्रंथ काढला. तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध त्यात स्पष्ट मांडलेला आहे. आणि सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की, तंबाखूत तयार होणारी नायट्रोसअमाइन्स ही कर्करोगकारक द्रव्ये वाळवणीत आणि राशीत मुरतानाच वाढतात. ज्या उष्म्यातून सुवास येतो, त्याच उष्म्यातून हेही येते. दहा वर्षे पेटीत ठेवल्याने चव मवाळ होते, हे बरेच अनुभवी लोक सांगतात. धोका मवाळ होतो, असे कोणी सांगू शकत नाही.

सिग्मंड फ्रॉइड दिवसाला वीसपर्यंत चिरूट ओढत असे. १९२३ मध्ये त्याच्या टाळूवर गाठ सापडली. १९३९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, टाळू-जबड्याच्या जागी कृत्रिम साचा बसवावा लागला, आणि तरी चिरूट सुटला नाही. माणसाच्या मनातल्या दडलेल्या ओढींचा शोध घेणाऱ्याला ही एक ओढ आवरता आली नाही. (चिरूट कधी कधी नुसता चिरूटच असतो, अशा अर्थाचे जे वाक्य त्याच्या नावावर फिरते, ते त्याने उच्चारल्याचा पुरावा मात्र नाही.) अमेरिकेचा सेनापती ग्रँट याची गोष्ट आणखी विचित्र. १८६२ मध्ये फोर्ट डोनेलसन जिंकताना त्याच्या हातात चिरूट होता, असे वर्तमानपत्रांत छापून आले. कौतुकाने लोकांनी हजारो चिरूट त्याला धाडले आणि त्याची सवय वाढली. १८८५ मध्ये तो घशाच्या कर्करोगाने गेला.

हे सारे ठाऊक असणाऱ्या माणसाने निदान आपली जीभ काय सांगते आणि पट्टी काय सांगते, हे वेगळे करावे. पारख ही या षोकाची सर्वांत बौद्धिक बाजू, आणि सर्वांत भोंगळही. मोजमापाचे सोपे आहे. जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. पन्नास जाडीचा, १२४ मिलिमीटर लांबीचा तो 'रोबुस्तो', बेचाळीसचा आणि १४२ मिलिमीटरचा 'कोरोना', सत्तेचाळीसचा आणि १७८ मिलिमीटरचा 'चर्चिल'. तीच पाने घेऊन जाडी बदलली तरी चव बदलते, कारण बारीक चिरुटात गाभ्याच्या मानाने वेष्टनाचा वाटा वाढतो. तसेच एकच चिरूट सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगळा लागतो, कारण धुरातले डांबर उरलेल्या भागात साचत जाते. मिनिटाला एखादाच झुरका घ्यावा, म्हणजे तो तापत नाही.

यानंतर सुरू होतात विशेषणे. चामडे, कोको, मिरी, भिजली माती, जायफळ. 'गोठ्याचा वास' हीही एक प्रशंसा आहे. आपल्याकडच्या वाचकाला हसू येईल, पण त्याचे कारण सरळ आहे: मुरणाऱ्या पानातून सुटणारा अमोनिया. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'सिगार अफिशिओनाडो' हे मासिक निघाले आणि त्याने शंभरपैकी गुण देण्याची पद्धत रूढ केली. ९१ आणि ८९ यांत फरक दोनच गुणांचा, पण दुकानात त्याची किंमत पुष्कळ असते. तुलना करण्याचा प्रामाणिक मार्ग जुनाच आहे. पट्टी काढून टाकावी, दुसऱ्या कोणाला क्रमांक घालायला सांगावे, आणि तीन चिरुटांत दोन एकच असतील तर वेगळा कोणता ते ओळखावे. पुष्कळ ठाम मते या परीक्षेत डळमळतात. राखेवरून पारख करणारेही आहेत. शेरलॉक होम्सने १४० प्रकारच्या तंबाखूंच्या राखेवर प्रबंध लिहिला होता, आणि १८८७ च्या पहिल्याच कादंबरीत तो राखेवरून तिरुचिरापल्लीचा चिरूट ओळखतो. पण राखेचा रंग मुख्यतः मातीतल्या मॅग्नेशियमसारख्या क्षारांवर ठरतो. पांढरी राख म्हणजे उत्तम चिरूट, हे समीकरण डॉयलच्या नायकानेही मांडलेले नाही.

पट्टी तर इतिहासानेच फसवी केली आहे. १५ सप्टेंबर १९६० रोजी क्यूबाच्या सरकारने चिरुटाचे कारखाने ताब्यात घेतले. मालक घराणी देश सोडून गेली आणि आपली नावे बरोबर घेऊन गेली. तेव्हापासून माँतेक्रिस्तो, पार्तागास, रोमियो इ हुलिएता, उपमान ही नावे दोन-दोन आहेत: एक क्यूबाचे, दुसरे बहुधा डॉमिनिकन प्रजासत्ताकात वळलेले, अमेरिकेत विकण्यासाठी. पाने वेगळी, माती वेगळी, पट्टीवरचे अक्षर तेवढे एक. फेब्रुवारी १९६२ मध्ये केनेडीने क्यूबाशी व्यापारबंदी घातली. त्याचा प्रसिद्धीप्रमुख पिएर सॅलिंजर याने पुढे लिहिले की, आदल्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्षाने त्याला शक्य तितके 'पेती उपमान' गोळा करायला पाठवले, सकाळी बाराशे मिळाल्याचे त्याने सांगितले, आणि मगच फर्मानावर सही झाली. बंदीने चवीत काही भर पडली नाही, पण मोहात पडली. केनेडीची चिरूट ठेवायची पेटी १९९६ च्या लिलावात ५,७४,५०० डॉलरना गेली.

आता त्या नावांकडे नीट पाहावे. माँतेक्रिस्तो हे ड्यूमाच्या कादंबरीतल्या काउंटचे नाव, रोमियो इ हुलिएता शेक्सपिअरचे. तंबाखूला साहित्यातली नावे का? याचे मूळ हवानाच्या कारखान्यातल्या एका प्रथेत आहे. चिरूट वळणे हे शांत काम. रांगेने बसलेले कामगार, हातात अर्धचंद्राकार पाते, पाटावर पाने, यंत्राचा आवाज नाही. १८६५ च्या डिसेंबरात 'एल फिगारो' कारखान्यात एक जण वाचू लागला आणि बाकीचे वळता वळता ऐकू लागले. या प्रथेमागे सातुर्निनो मार्तीनेस हा चिरूट वळणारा कवी आणि त्याचे 'ला आउरोरा' हे पत्र होते. वाचकाचा पगार मालक देत नसे, कामगार आपल्या मजुरीतून देत. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी, आणि कादंबरी कोणती ते मताने ठरे. ड्यूमा लाडका होता. १९३५ मध्ये नवा चिरूट निघाला तेव्हा हे नाव त्याला याच ओढीतून मिळाले, असे सांगतात. सत्ताधाऱ्यांना मात्र या वाचनाची धास्ती वाटली. १८६६ मध्येच स्पॅनिश गव्हर्नराने त्यावर बंदी घातली, पुढे ते पुन्हा सुरू झाले. फ्लोरिडातल्या टँपा शहरी गेलेल्या क्यूबन कामगारांनी ही प्रथा बरोबर नेली. तिथे १९३१ मध्ये मालकांनी वाचकांना हाकलले आणि त्यांच्या जागी रेडिओ आणला. क्यूबात वाचक आजही आहेत.

आपल्याकडे सिन्नर आणि सोलापूरच्या बायका विड्या वळतात त्या बहुतांशी घरी, एकेकट्या, टेंभुर्णीचे पान आणि तंबाखू पदरात घेऊन, हजार विड्यांमागे ठरलेल्या दराने. एकत्र बसून ऐकायला तिथे जागा नाही. पण केरळात कन्नूरच्या विडी कारखान्यांत, हवानाचे कोणी न पाहता, अगदी हेच घडले. कामगार एका ओळीत बसत, त्यांच्यातलाच एक जण पान बाजूला ठेवून मोठ्याने वर्तमानपत्र वाची, आणि त्याची रोजची मजुरी बुडू नये म्हणून त्याच्या वाटच्या विड्या बाकीचे आपापसांत वळून देत.